घोंगडीखालचा कॅमेरा

भोरपासून वेल्ह्यापर्यंतच्या पट्ट्यात नव्वद सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत जेवढी म्हणून लग्नं झाली, त्यांतल्या एकाही फोटोत एकही माणूस समोर बघत नाही. नवरा, नवरी, करवल्या, मामा, पाहुणे, फार काय आईच्या कडेवरचं शेंबडं पोरसुद्धा जरा वर आणि जरा बाजूला नजर लावून असतं. पुण्याकडची नवी सोयरीक जमली की अल्बम चाळता चाळता पाहुणे हळूच विचारतात, तिकडं कुणी पडलं होतं का? कुणीही पडलेलं नसतं. एका अख्ख्या मुलखाची मान जी बाजूला वळली, तिला जबाबदार इसम एकच, तो म्हणजे माझ्या शाळूसोबत्याचे थोरले चाचा.

त्याचे चाचा म्हणून आम्हा वर्गातल्या सगळ्यांचेच चाचा. धंदा बांगड्यांचा. भोरच्या पेठेत दुकान होतं, पण ते चाची सांभाळायच्या. चाचा स्वतः पत्र्याची पेटी घेऊन एसटीने नसरापूर, कामथडी, वेल्हे असे फिरायचे. लग्नघरी चुडा भरायला त्यांनाच बोलावणं जायचं. बांगडी चढवण्याची त्यांची एक रीत होती. बाईचा हात हातात घेतला की ते हाताकडे बघायचेच नाहीत. यंदा भात कसा आलाय म्हणून विचारायचे, बाई भाताचं सांगायला लागायची, आणि तिचं सांगणं संपेपर्यंत बांगड्या मनगटावर जाऊन बसलेल्या असायच्या. माणसाचं ध्यान दुसरीकडे असलं की त्याचं हाड मऊ पडतं, असं त्यांचं शास्त्र होतं. शिवाय मनगट हातात आलं की त्या घरची सगळी खबर त्यांना लागायची. 'लेक सासरी सुखात हाय का न्हाई ते पत्रात कळत न्हाई, मापात कळतं,' असं म्हणायचे आणि भरवशाच्या माणसाला पुढची खबरही सांगायचे. मी भरवशाच्या माणसांत मोडत होतो, कारण वेल्ह्याच्या तहसील कचेरीत मी कारकून होतो आणि येण्याजाण्याच्या एसटीत आमची गाठ ठरलेली. मला नोकरी लागल्यापासून ते मला 'रावसाहेब' म्हणायला लागले. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्याकडे कॅमेरा आला तो चाचींच्या शिलाई मशीनच्या बदली. पुण्याच्या जुन्या बाजारात ते मशीन बघायला म्हणून गेले आणि येताना गळ्यात कातडी खोक्यातला जाडजूड रशियन कॅमेरा अडकवून आले. चाचींनी अबोला धरला. बोलल्या तेव्हा एवढंच बोलल्या, की आता ह्याच्यावर माझा परकर शिवून दाखवा. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. तोवर गावोगावच्या स्टुडिओवाल्यांकडे रोल आपणहून ओढून घेणारे हलके, चकचकीत कॅमेरे आले होते. चाचांच्या लेखी ती खेळणी होती. आपोआप होणाऱ्या कामात बरकत नसते, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या कॅमेऱ्यात आपोआप असं काहीच होत नसल्यामुळे बरकतीला भरपूर वाव होता.

त्या कॅमेऱ्याला मागच्या अंगाला डोळा लावायची दोन बारीक भोकं होती. एकातून समोरची माणसं दिसायची. दुसऱ्यातून एकाच माणसाची दोन माणसं दिसायची. भिंगाभोवतीचं कडं फिरवत नेलं की ती दोन माणसं सरकत सरकत एकमेकांत शिरायची आणि एकच उरलं की नेम बरोबर लागला असं समजायचं. चाचा हे सगळं मनात न ठेवता मोठ्याने जाहीर करत. नवरदेव अजून दोन आहेत, आता दीड झाले, हलू नका, पुन्हा दोन झाले, असं त्यांचं चालायचं. मुलीकडची मंडळी फिदीफिदी हसायची. एका गावी तर नवरीच्या आजीने काळजीने विचारलं होतं, की त्यातला आपला कोणता? चाचांनी कडं किंचित फिरवून तिला दिलासा दिला, 'आजी, झाला बघा एकच.'

पण हे सगळं कॅमेऱ्यात रोल भरल्यानंतरचं. खरा सोहळा रोल भरण्याचा. इतर कॅमेऱ्यांची पाठ उघडते, ह्याचं बूड उघडायचं. रोलमधून बाहेर आलेली फिल्मची जीभ आधी कात्रीने अर्धी वीत लांब आणि अरुंद अशी कातरून घ्यायची, तिचं टोक एका रिकाम्या रिळात अडकवायचं, आणि मग रोल आणि रीळ दोन्ही हातांत धरून, मधली फिल्म ताणलेली ठेवून, दोन्ही एकदमच खालून आत सरकवायचे. जीभ आखूड कातरली तर फिल्म आत कुठेतरी अडते. टोक नीट अडकलं नाही तर कॅमेरा वरून टकटक वाजत राहतो आणि आत फिल्म जागची हलत नाही. चाचांची कात्री वेगळी होती. तिने दुसरं काही कापायची घरात कुणाची टाप नव्हती. एकदा चाचींनी त्या कात्रीने दोरा तोडला तेव्हा चाचांनी ती धार लावायला भोरातल्या तीन माणसांना दाखवून आणली आणि तिघांनीही तिला काही झालेलं नाही असं सांगितल्यावर नाइलाजाने परत घेतली.

रोलच्या खोक्यावर 'सावलीत भरावा' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं. मी एकदा त्यांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, सावली म्हणजे किती सावली ते कुठे लिहिलंय? कडुनिंबाची वेगळी, मांडवाची वेगळी. म्हणून त्यांनी स्वतःपुरती सावली ठरवून टाकली होती. खांद्यावर एक काळी घोंगडी असायची. मांडवात मधोमध बसकण मारायची, चार माणसांनी चार कोपरे धरून ती घोंगडी डोक्यावर खाली झुकती धरायची, आणि आत चाचांनी रोल भरायचा. आतून फक्त पुटपुटणं ऐकू यायचं. बाहेर सगळं वऱ्हाड आवाज खाली करून उभं. पुढे पुढे ह्या कोपऱ्यांना मान आला. दोन कोपरे मुलाकडचे, दोन मुलीकडचे. तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात नवऱ्याच्या मामाला कोपरा मिळाला नाही म्हणून तो जेवायला बसेना, आणि अखेर तिघांनी एक कोपरा धरून त्याची समजूत काढली. कानपिळीच्या मानाशेजारी आमच्या भागात घोंगडीचा मान जाऊन बसला तो असा.

चाचांना कुणी घाई केली की ते हातातलं काम खाली ठेवायचे. घाई करणारा दमेपर्यंत थांबायचे आणि मग पहिल्यापासून सुरुवात करायचे. हे ठाऊक असल्यामुळे त्यांच्या वाटेला कुणी जात नसे. फक्त एकदा, कामथडीच्या एका लग्नात, त्यांनी घाई केली. मुलगी तोरण्याच्या पायथ्याची, नाव सुरेखा. मुलगा कामथडीचा, टेम्पो चालवणारा, गरीब स्वभावाचा. भटजींना दुसरं लग्न लावायला सारोळ्याला पोचायचं होतं, ते एकसारखं घड्याळ बघत होते, त्यात मुलाची आई हौसाबाई येऊन म्हणाली की माझ्या घरचा मुहूर्त चुकला तर त्याचं खापर घोंगडीवर फोडीन. हौसाबाईचा कामथडीत दरारा होता. पंचायतीत ठराव मांडण्याआधी माणसं तिच्या ओट्यावरून चक्कर मारून येत. चाचा गडबडले आणि घोंगडीतून लवकर बाहेर आले. त्या दिवशी त्यांचा हात काय चालला होता. बैलगाडीच्या साटीवर चढले, मांडवाच्या खांबाला मिठी मारून अंतरपाटाचा फोटो काढला, पाठवणीला नवरीच्या बापाच्या डोळ्यांतलं पाणी अगदी जवळून टिपलं. म्हणजे टिपलं असं त्यांना वाटलं. फिल्मचं टोक पहिल्याच फोटोला रिळातून निसटलेलं होतं. पुण्यात रोल धुऊन आला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरा. स्वारगेटच्या स्टँडवर बसून चाचांनी तो उन्हासमोर धरून वीत वीत तपासला, एखादी करवली तरी सापडते का म्हणून. नाही सापडली.

इथे चाचांनी एक चूक केली. दोन्हीकडच्या मंडळींना त्यांनी सांगितलं की रोलच खराब निघाला, नशीब. नशीब हा शब्द हौसाबाईने बरोबर उचलला. ह्याच माणसाचे ह्याच मशीनने काढलेले साऱ्या गावाचे फोटो येतात, मग आपल्याच घरचे का नाहीत? लग्नानंतर महिन्याभरात तिची म्हैस आटली. विहिरीवरची मोटर जळली. ह्या तिन्हींची तिने बेरीज केली आणि उत्तर सुनेच्या नावावर मांडलं. 'लग्न उमटलंच न्हाई,' असं ती ओट्यावर बसून येईल त्याला सांगू लागली. सुरेखा मुळात अबोल, ह्या बोलण्याने तिची वाचाच बसली. दिवाळीला ती माहेरी गेली, आणि तिला न्यायला कुणी आलं नाही. नवरा टेम्पो घेऊन माहेरच्या फाट्यापर्यंत जायचा आणि आईच्या धाकाने तिथूनच वळवून आणायचा, असंही कानावर आलं.

चाचांना यातलं काही ठाऊक नव्हतं. थंडीत पेटी घेऊन ते तोरण्याखालच्या त्या गावात गेले आणि सुरेखाने बांगड्यांसाठी हात पुढे केला. संध्याकाळच्या एसटीत ते माझ्या शेजारी येऊन बसले, तेव्हा त्यांनी मला रावसाहेब म्हटलं नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'पोरीला लग्नात दोन-सहाची बांगडी घट्ट व्हत व्हती. आज त्याहून बारकी दोन-चारची ढिली झाली. त्ये माप म्या उतरवलंय.' मी म्हणालो की एका रोलवरून एवढं लावून घेऊ नका. ते म्हणाले की रोलवरून नाही, खोटं बोललो त्यावरून.

त्यानंतर चाचांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं, कारण आपलं चुकलं असं हा मनुष्य चाचींपुढेही कधी कबूल करत नसे. वेल्ह्याच्या आठवडे बाजारात पेटी बाजूला सारून ते कॅमेरा मांडीवर घेऊन बसले. त्याचं बूड उघडलेलं, शेजारी एक वाया गेलेला रोल. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दाखवत होते की टोक असं अडकवायचं असतं, मी ते असं अडकवलं, म्हणून ते असं निसटलं. रोल चांगला होता, पोरगी चांगली आहे, हात माझा चुकला. कॅमेऱ्याच्या वरच्या अंगाला, डाव्या बाजूला, रोल परत गुंडाळायची एक चक्री असते. फिल्म पुढे सरकली की ती आपोआप उलटी फिरते. टोक निसटलेलं असलं की ती ढिम्म राहते. लांबच्यालाही दिसावं म्हणून चाचांनी पेटीतली एक लाल टिकली काढून त्या चक्रीच्या कडेला चिकटवली. टिकली फिरत फिरत मागे गेली आणि पुन्हा पुढे आली की फिल्म चालली. नाही हलली की समजायचं, कामथडी झाली. हे त्यांनी आठवड्यामागून आठवडा, वेल्ह्यात, नसरापुरात आणि वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर सांगितलं. ज्या बायकांनी जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता त्या पाणवठ्यावर चक्रीविषयी बोलू लागल्या. ह्या शिकवणीचा चाचांना फायदा असा झाला की त्या मोसमातली बरीच लग्नं स्टुडिओवाल्यांकडे गेली, आणि जी त्यांच्याकडे राहिली त्यांतल्या झाडून सगळ्या माणसांनी फोटो काढून घेताना भिंगाकडे बघायचं सोडून टिकलीवर डोळा ठेवला. चाचांनी फिल्म पुढे सरकवली की मांडवातून पुकारा व्हायचा, गेली, आणि मग, आली. ती खोड पुढे कधीच गेली नाही, स्टुडिओवाल्यांच्या कॅमेऱ्यापुढेही नाही.

एवढं झाल्यावर ते हौसाबाईकडे गेले. कचेरीतून परतताना मलाही त्यांनी कामथडीला उतरवून घेतलं. सरकारी माणूस जवळ असला की बाई जरा कमी बोलेल असा त्यांचा अंदाज होता, आणि तो साफ चुकला. चाचांनी सगळं कबूल केलं आणि लग्नाचे सगळे फोटो पुन्हा काढून देतो म्हणाले. लग्न एकदाच लागतं, असं हौसाबाई म्हणाली. लग्न एकदाच, फोटो कितीदाही, असं चाचा म्हणाले. मग तिने विचारलं की चूक तुमची होती, तर आमची म्हैस का आटली? 'म्हशीचं म्हशीला ठावं,' चाचा म्हणाले, 'फोटोचं माज्याकडं.' शेवटी हौसाबाई म्हणाली की गावाची तोंडं बंद होतील म्हणून फोटो काढा. पण पोरगी येईल, उभी राहील, आणि फोटो झाले की आल्या गाडीने माघारी जाईल.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी ते लग्न पुन्हा भरलं. त्या दिवशी पहाटे मी चाचांना घ्यायला गेलो, तेव्हा ते घरात खाटेवर घोंगडी घेऊन बसले होते. माझ्यादेखत त्यांनी रोल भरला, बूड लावलं, एकदा फिल्म सरकवली. टिकली फिरली. खात्रीला आणखी एकदा सरकवली, आणि चाचींना साक्षीला बोलावलं. चाची म्हणाल्या, फिरली, आता निघा.

कामथडीत मांडव नव्हता, पण ओट्यापुढे ताडपत्री बांधली होती. तोरण्याकडून सुरेखाला घेऊन तिचे आईबाप जीपने आले. ती लग्नातला शालू नेसली होती आणि त्यावरचं पोलकं तिला दोन बोटं सैल दिसत होतं. नवरदेवाने मधल्या काळात मिशा ठेवल्या होत्या, त्या हौसाबाईने समोर उभं राहून काढायला लावल्या. भटजींनी मंगलाष्टकं पुन्हा म्हणायला नकार दिला, शास्त्राला धरून नाही म्हणाले. मग फक्त तोंड उघडायचं, आवाज काढायचा नाही, अशी तडजोड झाली. त्यामुळे अल्बममध्ये ते चांगले तीन पानं जांभई देत आहेत. सगळे आपापल्या जागी उभे राहिले. आता चाचा कॅमेरा डोळ्याला लावणार, तोच त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि म्हणाले, 'थांबा. रोल भरायचाय.'

मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्या पायावर पाय दिला.

मग त्यांनी कोपरे वाटले. पहिला मान मुलाच्या आईचा. तिच्या शेजारचा कोपरा सुनेचा. पलीकडचे दोन नवरदेवाला आणि मला. साऱ्या गावासमोर मिळालेला मान हौसाबाईला सोडता येईना. तिने कोपरा धरला. सुरेखाने शेजारचा धरला. दोघींच्या मध्ये हातभर अंतर, दोघींचे हात वर, आणि बघायला दुसरीकडे जागा नाही. चाचा आत शिरले. त्यांचं पुटपुटणं सुरू झालं, जीभ लागंना, टोक बसंना. गाव आवाज खाली करून उभं होतं. सरबत फिरलं. पुन्हा फिरलं. माझ्या खांद्यात कळा यायला लागल्या आणि हौसाबाईचा कोपरा तर हळूहळू खाली यायला लागला. तेव्हा सुरेखा, आल्यापासून पहिल्यांदाच, अगदी हळू बोलली. 'आत्या, तुमचा कोपराबी म्या धरते.'

'म्या काय म्हातारी झाले व्हय?' हौसाबाई म्हणाली. पण हात जरासा सुनेच्या हातावर टेकवला. मग सुरेखाने विचारलं की म्हैस कशी आहे. हौसाबाई म्हणाली की गाभण आहे, दिवस भरत आलेत. सुरेखाने विचारलं की सरकी चालू केली का. हौसाबाईने सांगितलं की खात नाही, तोंड फिरवते. सुरेखा म्हणाली की नुसती नाही खात ती, गुळाच्या पाण्यात भिजवून द्यावी लागते, आणि टोपलीतून नको, घमेल्यातून. हौसाबाई म्हणाली, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायला कुणी विचारलंच नाही, असं सुरेखा म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिची तीच घाबरली. हौसाबाई हसली. पलीकडच्या कोपऱ्यावर नवरदेव ताडपत्रीकडे बघत उभा होता. दोघी मग गोठ्यावरून भाकरीच्या पिठावर आणि तिथून शेजारणीच्या बाळंतपणावर गेल्या. आत चाचांचं पुटपुटणंही कधीतरी थांबलं होतं. बऱ्याच वेळाने घामाने निथळत ते बाहेर आले आणि रोल भरला असं त्यांनी जाहीर केलं.

फोटो झाले. गेली, आली, गेली, आली असा साऱ्या गावाने पुकारा केला. दिवस कलला तशी जीप लागली. सुरेखाच्या आईने लेकीची पिशवी उचलली, सुरेखाने वाकून सासूला नमस्कार केला. हौसाबाईने पिशवी तिच्या आईच्या हातातून काढून घेतली. 'म्हस आज-उद्या व्यायची हाय,' ती म्हणाली, 'आता कुठं चालली?' जीप आईबापांना घेऊन गेली. सुरेखाच्या आईने खिडकीतून डोळे पुसत चाचांना हात जोडले. मीही रडलो असेन, पण मी सरकारी माणूस असल्यामुळे चष्मा पुसत होतो.

परतीच्या गाडीत मी चाचांना विचारलं की हे सगळं आधी ठरवलं होतं का. ते म्हणाले, कॅमेरा समोर आला की बायांची तोंडं मिटतात. हात गुंतले की उघडतात. बांगड्या भरणाऱ्याला एवढंही कळू नये? मग मात्र त्यांचा चेहरा उतरला. 'पर म्हातारीला फशिवलं, रावसाहेब,' ते म्हणाले. 'एकदा खोटं बोलून पोरीचं बिघडवलं, आता खोटं करून नीट केलं. खोटं त्ये खोटंच.' हे त्यांच्या मनात राहिलं. पुढे ते कामथडीला नेमाने जात. सुरेखाच्या बांगडीचं माप वाढत गेल्याचं मला कौतुकाने सांगत, तिच्या पोरांच्या मनगटात काळे मणी बांधत. पण हौसाबाईने जेवायला थांबा म्हटलं की गाडीची वेळ झाली म्हणून उठत. त्या घरचं त्यांनी पाणी घेतलं, घास कधी घेतला नाही.

नंतर मोबाईल आले. भोरात रोल मिळेनासा झाला, मग पुण्यातही धुवायला कुणी घेईना. चाचांनी कॅमेरा पुसून खोक्यात ठेवला आणि पेटी घेऊन हिंडत राहिले, तेही गुडघे चालत होते तोवर. माझी बदली झाली होती. ते गेल्याचा फोन माझ्या मित्राने केला. मातीला मला पोचता आलं नाही, चार दिवसांनी गेलो. मित्राबरोबर ओट्यावर बसलो होतो, तेव्हा हौसाबाई आणि सुरेखा आल्या. हौसाबाई पार वाकली होती, सुनेच्या दंडाला धरून चढली. दोघी आत चाचींपाशी जाऊन बसल्या. खूप वेळाने हौसाबाई एकटीच बाहेर आली आणि माझ्याशेजारी टेकली. तिने मला ओळखलं.

चाचांना तुमचं फार वाटायचं, असं मी म्हणालो. आणि कसं कोण जाणे, आता लपवून काय करायचं म्हणून त्या दिवशीची गोष्टही सांगून टाकली. रोल घरूनच भरून आणला होता, तुम्हाला फसवल्याचं त्यांच्या मनाला कायम लागून राहिलं होतं.

हौसाबाई म्हणाली, 'त्या घोंगडीला माज्या अंगाला भोक व्हतं, साहेब. आत चाचा नुसतं बसल्यालं. मशीन मांडीवर, डोळं मिटल्यालं.'

मग तुम्ही बोलला का नाहीत, मी विचारलं.

'सून बोलत व्हती की,' ती म्हणाली. 'कोपरा सोडला असता तर गप झाली असती.'

आतून सुरेखाने तिला चहा प्यायला हाक मारली. ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. चाचांना त्या घरी पोटभर जेवता आलं असतं. म्हातारीला सगळं ठाऊक आहे, एवढं एक वाक्य कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.